अंदाजपत्रकातील तीन रकाने
(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र विभाग)

स्थानिक स्वराज्य संस्था या लोकशाहीच्या प्राथमिक शाळा होत, असे वाक्य राज्यशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. परीक्षेत ते आपण लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. परंतु या शाळेत प्रत्यक्ष काय शिकविले जाते, तेथे हजेरी कोणाची लागते आणि तेथील हिशेबाची वही कोण तपासते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर मोठी चर्चा रंगते. आपल्याच गावच्या नगरपरिषदेचे अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात मंजूर होते, असे विचारले तर मात्र सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. वस्तुतः नळाला पाणी किती वेळ येणार, गल्लीतला दिवा केव्हा लागणार, बाजारात बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर येणार की नाही, हे सारे त्या अंदाजपत्रकात ठरत असते.

प्रस्तुत लेखात लहान शहराच्या नगरपरिषदेत पैशाविषयीचे निर्णय कसे होतात, याचा थोडा अभ्यास मांडावयाचा आहे. पैसा कोठून येतो व कोठे जातो, वस्तूंची खरेदी कशी होते आणि गावाचा आर्थिक विकास म्हणजे नेमका कोणाचा विकास, हे तीन प्रश्न मी समोर ठेवले आहेत. अभ्यासासाठी कायद्यातील तरतुदी पाहिल्या, आमच्या गावच्या नगरपरिषदेची गेल्या काही वर्षांची छापील अंदाजपत्रके वाचली आणि एका अंदाजपत्रकीय सभेस मागच्या बाकावर बसून हजर राहिले. आमचे गाव तालुक्याचे असून नगरपरिषद 'क' वर्गातील आहे. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

या विषयाकडे मी वळले त्याला एक घरगुती कारणही आहे. वडील हमाली करतात आणि आई आठवडे बाजारात भाजी विकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दर बाजारी आईला बैठकीची वीस रुपयांची पावती फाडावी लागते. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर ही रक्कम एक हजार चाळीस रुपये होते. अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला 'बाजार फी' हे शीर्षक प्रथम पाहिले, तेव्हा त्या आकड्यात आपल्याही घरचे पैसे आहेत हे ध्यानात आले आणि मग खर्चाची बाजू वाचल्यावाचून राहवेना.

नगरपरिषदेची घडण

इतिहासात फार शिरण्याचे कारण नाही. लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याविषयी जो प्रसिद्ध ठराव केला, त्यात या संस्थांकडे कारभाराच्या सोयीपेक्षा लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले होते. आज महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्या एक लाखाहून अधिक असल्यास 'अ' वर्ग, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असल्यास 'ब' वर्ग आणि त्याखाली 'क' वर्ग, अशी विभागणी त्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय दिले असून त्यांतील तिसरा विषय 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' हा आहे. रस्ते व पूल चौथ्या क्रमांकावर आणि पाणीपुरवठा पाचव्या क्रमांकावर येतो. नगरपरिषद म्हणजे केवळ झाडलोट व दिवाबत्ती करणारे कार्यालय नव्हे, एवढा बोध या क्रमावरून घेण्यास हरकत नाही.

नगरपरिषदेत दोन बाजू असतात. निवडून आलेले नगराध्यक्ष व नगरसेवक ही एक बाजू. शासनाने नेमलेला मुख्याधिकारी व त्याच्या हाताखालील कर्मचारी ही दुसरी. ठराव सभेने करावयाचा आणि अंमल मुख्याधिकाऱ्याने करावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटल्यास कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तथापि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबल्या आणि अनेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन सभागृहे पुन्हा भरू लागली. मधल्या काळात पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. कामे त्याही काळात झाली, काही ठिकाणी ती भराभर झाली, परंतु 'का?' असे विचारण्याची जागा तेवढी रिकामी होती. चर्चेची किंमत ती बंद असताना अधिक कळते.

एका मंडईची गोष्ट

नगरपालिकेतील खर्चाच्या चर्चेविषयी बोलताना महात्मा फुले यांचे उदाहरण आपण विसरता कामा नये. फुले १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि काही वर्षे त्या पदावर होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या निमित्ताने शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे फुल्यांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांच्या त्या सभागृहात विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले. नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम घालण्यासही त्यांचा विरोध होता. त्याआधी शिक्षणाकडे पाहावे, हाच त्यांचा आग्रह होता. मंडई झालीच. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा बाजार तेथे गेला आणि तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले.

या गोष्टीतून मंडई नको होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. शहराला मंडई लागतेच. परंतु फुल्यांनी जो प्रश्न विचारला तो प्रत्येक अंदाजपत्रकीय सभेत विचारण्याजोगा आहे: हा पैसा येथे घातला तर तो कोठला कमी पडणार? हजार रुपयांच्या सजावटीला मान डोलावणारे एकतीसजण काही वाईट माणसे नसतील. त्यांच्या घरची मुले शाळेत जात होती. जी जात नव्हती त्यांच्या वतीने बोलणारा एकच होता, एवढाच त्याचा अर्थ.

अंदाजपत्रक वाचावे कसे

अंदाजपत्रकाचा मसुदा मुख्याधिकारी व लेखापाल तयार करतात, तो स्थायी समितीपुढे जातो आणि नंतर विशेष सभेत मंजूर होतो. बहुतेक ठिकाणी ही सभा फेब्रुवारी महिन्यात असते. जमेच्या बाजूला मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि शासनाची अनुदाने असतात. एके काळी जकात हे नगरपालिकांचे मोठे उत्पन्न होते. गावाच्या वेशीवरील जकात नाक्याच्या आठवणी आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आहेत. १९९९ मध्ये नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासन सहायक अनुदान देऊ लागले. तेव्हापासून लहान नगरपरिषदेचा डोळा आपल्या पेठेपेक्षा मंत्रालयाकडे अधिक लागला, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही. घरपट्टीच्या पावतीतील काही रक्कमही नगरपरिषदेची नसते; शिक्षण कर व रोजगार हमी कर तिने वसूल करून शासनाकडे भरावयाचा असतो.

सभा झाल्यावर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर' असा मथळा येतो. हा मोठा आकडा फसवा असतो. समजा, एका लहान नगरपरिषदेचे अंदाजपत्रक ५० कोटी रुपयांचे आहे. त्यांपैकी ३६ कोटी ठरावीक योजनांची अनुदाने आहेत; पाणीयोजनेचा पैसा पाणीयोजनेलाच, घरकुलांचा घरकुलांनाच. उरले १४ कोटी. त्यांतून वेतन व निवृत्तिवेतन ८ कोटी. पाणी उपसण्याची व रस्त्यावरील दिव्यांची वीज, कचरा उचलणे, दुरुस्त्या यांना ४ कोटी. शेवटी हातात राहिले २ कोटी. सभागृहाला खऱ्या अर्थाने ज्याविषयी काही ठरविता येते असा भाग रुपयात चार पैसे एवढाच. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु आमच्या गावच्या अंदाजपत्रकाचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानातही ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली होती आणि ४० टक्के मोकळी सोडली होती.

यावरून सभेत चर्चा करण्यात अर्थ नाही, असे काहीजण म्हणतील. मला उलट वाटते. रुपयातले चारच पैसे हाताशी असतील तर ते कोठे जातात हे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. स्वागत कमानी, सुशोभीकरण, बाजाराचे ओटे, वाचनालयाची पुस्तके, स्त्रियांची स्वच्छतागृहे, ही सारी मंडळी त्या चार पैशांच्या दारात रांग लावून उभी असतात.

आता रकान्यांविषयी. अंदाजपत्रकात प्रत्येक शीर्षकापुढे मुख्यतः तीन आकडे असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. सभेत बहुतेकांचे बोट तिसऱ्या रकान्यावर असते. 'माझ्या प्रभागाला किती धरले?' हा प्रश्न त्याच रकान्याचा. पण तरतूद म्हणजे इच्छा. प्रत्यक्ष काय घडले ते पहिला रकाना सांगतो. आमच्या नगरपरिषदेच्या लागोपाठच्या तीन अंदाजपत्रकांत 'आठवडे बाजार येथे महिला स्वच्छतागृह व पाण्याची सोय' हे शीर्षक आहे. तिन्ही वर्षी तरतूद आहे, दुसऱ्या वर्षी ती वाढविलेलीही आहे. पहिल्या रकान्यात तिन्ही वर्षी एकच शब्द आहे: निरंक. बाजारच्या दिवशी सकाळी सहाला घरून निघालेल्या बायका सायंकाळी सातपर्यंत पाणी बेताने पितात. त्याचे कारण त्या एका शब्दात सामावलेले आहे.

महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. राखून ठेवणे व खर्च करणे यांतील अंतर मात्र कोणताही आदेश आपोआप भरून काढत नाही. आपल्या इतिहासात याचे फार मोठे उदाहरण आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून निघालेली हजारो माणसे लागली. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्या संग्रामाशी बाजारातल्या एका स्वच्छतागृहाची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. ठरावाच्या वहीत लिहिलेले माणसांपर्यंत पोहोचले की नाही हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते, एवढीच गोष्ट त्यातून घ्यावयाची आहे.

खरेदी: ठरावापासून बिलापर्यंत

ब्लिचिंग पावडर, तुरटी, दिवे, नळाचे पाइप, पाण्याचे पंप, घंटागाड्या, झाडू, कार्यालयाचे कागद अशा किती तरी वस्तू नगरपरिषदेला लागतात. त्यांच्या खरेदीची पद्धत ठरलेली आहे. आधी मागणी, मग अंदाजित किंमत, तरतूद आहे की नाही याची खात्री, मान्यता. ठरावीक मर्यादेपर्यंत दरपत्रके मागवावयाची आणि त्यापुढे ई-निविदा काढावयाची. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली आहे. निविदेत तांत्रिक व आर्थिक असे दोन लिफाफे असतात. पहिल्यात पात्र ठरलेल्यांचाच दुसरा उघडतो आणि साधारणतः न्यूनतम दराला पुरवठ्याचा आदेश मिळतो. माल आला की साठा नोंदवहीत नोंद, बांधकाम असेल तर मोजमाप पुस्तिकेत नोंद, आणि मगच बिल. शेवटी स्थानिक निधी लेखापरीक्षेचा विभाग येऊन हे सारे तपासतो. त्याचा कायदा १९३० चा आहे.

पद्धत चांगली आहे. तिला वळसा घालण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत आणि लेखापरीक्षणाच्या आक्षेपांत त्या पुनःपुन्हा दिसतात. पहिली वाट म्हणजे एका खरेदीचे तुकडे करणे. समजा, निविदेची मर्यादा ओलांडणारी दिव्यांची खरेदी आहे. तिचे प्रभागवार तीन भाग केले की प्रत्येक भाग दरपत्रकांच्या मर्यादेत बसतो. नियमाने हे निषिद्ध आहे. दुसरी वाट म्हणजे वस्तूचे वर्णन असे लिहिणे की ते एकाच कारखान्याच्या मालाला लागू पडावे. तिसरी, तीन दरपत्रके तीन नावांची असूनही त्यांतील अक्षर एकाच हाताचे असणे. चौथी वाट 'आयत्या वेळचे विषय' ही होय. विषयपत्रिका सभासदांना काही दिवस आधी मिळते, म्हणजे त्यांनी कागद पाहून यावे अशी अपेक्षा असते. सभा संपता संपता, चहा आला असताना, अध्यक्षांच्या परवानगीने एखादा विषय वाचला जातो. तातडीच्या कामासाठी ही सोय हवीच. पाणीपुरवठ्याचा पंप जळाला तर पुढच्या सभेची वाट कोण पाहील? परंतु वर्षभर लागणाऱ्या वस्तूची खरेदी आयत्या वेळची कशी ठरते, हे विचारावयास हवे.

न्यूनतम दर म्हणजे स्वस्त खरेदी, असेही नेहमी नसते. अंदाजित किमतीच्या फार खाली दर भरून काम घेणारा ठेकेदार तोटा सोसावयास आलेला नसतो. खडीच्या थरात किंवा पाइपाच्या जाडीत तो भरून काढतो. म्हणून दर वाचताना दोन वर्षांनी काय उरेल हेही पाहावे लागते. घरात भांडे घेताना आई ते वाजवून पाहते. सार्वजनिक पैशाच्या भांड्याला वाजवून पाहण्याचे काम साठा नोंदवही व मोजमाप पुस्तिका करतात. दुर्दैवाने सभेत या दोन पुस्तकांची मागणी क्वचितच होते.

खरेदीचा संबंध गावाच्या अर्थकारणाशीही आहे. लोखंडी बाक, कचऱ्याचे डबे, शाळेची कपाटे, सफाई कामगारांचे गणवेश या वस्तू गावातला वेल्डर, सुतार किंवा शिंपी करू शकतो. पण वार्षिक उलाढालीची मोठी अट, बयाणा रक्कम आणि संगणकावर भरावयाची निविदा यांच्यापर्यंत तो पोचत नाही. दर्जाशी तडजोड न करता, कायद्याच्या चौकटीत राहून, लहान कामांच्या अटी लहान कारागिराला झेपतील अशा ठेवता येणार नाहीत काय? नगरपरिषद ही गावातील मोठी गिऱ्हाईक आहे. तिचा रुपया गावात किती हात फिरतो, हाही विकासाचाच प्रश्न आहे.

विकास कोणाचा?

लहान शहरात 'आर्थिक विकास' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर व्यापारी संकुल उभे राहते. गाळे बांधावयाचे, लिलाव करावयाचा, अनामत व भाडे घ्यावयाचे, म्हणजे नगरपरिषदेला कायमचे उत्पन्न. कल्पना चुकीची नाही. परंतु संकुल बांधण्यापूर्वी भाडे कोणाला परवडेल याचा हिशेब करावा लागतो. तो न केल्यास वरचा मजला रिकामा राहतो, खालचे गाळे मूळ लिलावधारकाकडून दुसऱ्याला व दुसऱ्याकडून तिसऱ्याला जातात, आणि जे त्या जागेवर आधी जमिनीवर बसत होते ते रस्त्याच्या कडेला सरकतात. मग त्यांनाच 'अतिक्रमण' म्हणतात.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या बाबतीत नवी दृष्टी दिली. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, जागा ठरवून द्याव्यात आणि नगर पथविक्रेता समिती स्थापावी, असे तो कायदा सांगतो. या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून प्रारंभी दहा हजार रुपयांचे कर्ज मिळू लागले, तेव्हा बाजारातील अनेक बायांनी प्रथमच नगरपरिषदेच्या कार्यालयाचा जिना चढला. कर्ज मिळाले ही चांगली गोष्ट. पण बसण्याची जागा कायम नसेल तर भांडवल घेऊन बसावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर त्या समितीत मिळावयास हवे.

बाजार फीचेही तसेच. ती वसूल करण्याचा वर्षाचा मक्ता लिलावाने दिला जातो. नगरपरिषदेला ठोक रक्कम मिळते आणि मक्तेदार ती बाजारातून गोळा करतो. जितकी बोली जास्त तितके अंदाजपत्रक सुदृढ दिसते. पण ठरलेल्या दराचा फलक बाजारात लावला आहे की नाही, पावतीवर छापलेली रक्कम आणि घेतलेली रक्कम एकच आहे की नाही, हे पाहणे मक्ता दिल्यावरही नगरपरिषदेचेच काम राहते. जमेच्या बाजूचा मोठा आकडा कोणाच्या कनवटीचा आहे, हे विसरून चालणार नाही.

सभेतील चर्चा व इतिवृत्तातील चर्चा

निवडणुकीनंतरच्या अंदाजपत्रकीय सभेस मी प्रेक्षक म्हणून बसले होते. अकराची सभा पावणेबाराला सुरू झाली. लेखापालांनी एकूण जमा, खर्च व शिल्लक वाचून दाखविली. त्यानंतर गावच्या प्रवेशद्वारावरील स्वागत कमानीवर बराच वेळ चर्चा झाली. कमान असावी याविषयी दुमत नव्हते. ती कोणत्या रस्त्यावर असावी यावर होते. मग प्रभागांतील गटारी व दिवे झाले. शेवटी प्रथमच निवडून आलेल्या एका नगरसेविका उठल्या. त्यांनी बाजारातील स्वच्छतागृहाचा विषय काढला.

"त्याला तरतूद आहे, ताई. पान बाविसावर बघा," असे उत्तर आले.

"तरतूद मी बघितली, अध्यक्ष महोदय. गेल्या साली पण होती. खर्च निरंक का, एवढंच मला विचारायचंय."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग जागेचा प्रश्न आहे, बाजाराच्या जागेची मोजणी बाकी आहे, असे मुख्याधिकाऱ्यांनी सांगितले. मोजणीचे शुल्क भरले आहे काय, असे त्या बाईंनी विचारले. पाहून सांगतो, असे उत्तर मिळाले आणि अंदाजपत्रक मंजूर झाले.

मुख्याधिकाऱ्यांची अडचण खोटी होती असे मी म्हणणार नाही. जागेची कागदपत्रे नसताना बांधकाम काढले तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप त्यांच्यावरच येणार. पण तीन वर्षे जी अडचण कोणालाच ठाऊक नव्हती ती एका प्रश्नाने सभागृहासमोर आली, ही काही लहान गोष्ट नव्हे. मोजणीचे शुल्क भरणे हे काम छोटे आहे, त्याला तारीख लावता येते आणि ते कोणाकडे आहे हेही सांगता येते.

पुढे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून आणि पानाला दोन रुपये भरून मी त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागविली. त्यात लिहिले होते: 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सन्माननीय सभागृहाने अंदाजपत्रक सर्वानुमते मंजूर केले.' प्रश्न नाही, उत्तर नाही, मोजणीचा उल्लेख नाही. 'साधकबाधक चर्चा' हे दोन शब्द फार भुकेले आहेत. ते तासाभराचे बोलणे गिळून टाकतात. ज्याची नोंद नाही त्याचा पाठपुरावा पुढील सभेत करता येत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच पानावर पुन्हा तरतूद धरता येते. म्हणून आपला प्रश्न व मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, असा आग्रह सभासदांनी धरणे आणि मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याच्या वेळी ते वाचून पाहणे, या दोन साध्या सवयींना मी फार महत्त्व देते.

समारोप

तात्पर्य, नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातील मोकळा भाग लहान असतो. त्या लहान भागावरचा खरा वाद तरतुदीच्या रकान्यात न होता प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात झाला पाहिजे, आणि त्याची नोंद राहिली पाहिजे. खेड्यात निदान ग्रामसभा असते. चांगली चालो अथवा वाईट, उठून विचारण्याची तेथे जागा आहे. लहान शहरात तशी सभा अजून रुजलेली नाही. ती उणीव काही अंशी आपण विद्यार्थी भरून काढू शकतो.

त्यासाठी मोर्चे काढावयास नकोत. आपल्या ग्रंथालयाने दरवर्षी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाची व लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागवून ठेवावी. अंदाजपत्रक लोकांसमोर ठेवणे हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे त्या कार्यालयाचे कर्तव्यच आहे. राज्यशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी मिळून प्रकल्पासाठी एकेका शीर्षकाचा तीन वर्षांचा तक्ता करावयास द्यावा. कोणी पथदिवे घ्यावेत, कोणी वाचनालय, कोणी पाणीपट्टी. वाणिज्य शाखेच्या मित्रांना जमाखर्च आमच्यापेक्षा चांगला कळतो. त्यांनी हात लावला तर काम सोपे होईल. प्राध्यापक मंडळींनी या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

घरी लिहितावाचता येणारे कोणी नसले म्हणजे सरकारी कागद दिसताच घाबरण्याची सवय लागते. तो कागद दुसऱ्या कोणासाठी लिहिला आहे असे वाटते. अंदाजपत्रक वाचताना ही भीती माझ्यापुरती बरीच कमी झाली. त्यात गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित नाही आणि चार-दोन सोडले तर न समजणारे शब्दही नाहीत. आता मोजणीचे शुल्क भरल्याची पावती केव्हाची आहे, हे विचारणारा अर्ज मी दिला आहे. पुढील अंदाजपत्रक छापून आले की त्यातील बावीस क्रमांकाचे पान मी आधी उघडणार आहे, आणि बोट पहिल्या रकान्यावर ठेवणार आहे.